परतीचं पाकीट

मुंबई-नाशिक महामार्गावर खारेगाव, माणकोली, रांजणोली मागे टाकलं की वडपे येतं. भिवंडी तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना आता जंक्शन म्हणूनच ठाऊक आहे. ठाण्यापासून इथवरच्या सुमारे २४ किलोमीटर रस्त्याचं आठपदरीकरण काढलेलं आहे. शेजारच्या आमणे इथलं समृद्धी महामार्गाचं टोक ५ जून २०२५ रोजी वाहतुकीला खुलं झालं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची उंच गोदामं आहेत. टीव्ही, टायर, बिस्किटं, तयार कपडे यांचा मुक्काम इथे पडतो आणि इथूनच ते पुढे घरोघर जातात. पुस्तकंही त्यात आली. ठाण्या-मुंबईच्या वाचकाने रात्री फोनवर मागवलेली कादंबरी याच तालुक्यातल्या एखाद्या गोदामात खोक्यात बंद होते, हे आता कुणाला नवलाचं वाटत नाही.

पुस्तक इथून बाहेर जायला एक रात्र पुरते. उलट्या दिशेचा प्रवास मात्र वेगळा आहे. वडप्याच्या, सोनाळ्याच्या किंवा पडघ्याच्या एखाद्या मुलीने वहीत कथा लिहिली, तर ती कुठे धाडायची? कोण वाचणार, कोण छापणार, आणि नाही छापलं तर निदान का नाही हे कोण सांगणार? मराठीत या प्रश्नाचं वय पावणेदोनशे वर्षांचं आहे आणि त्याची काही उत्तरं याच पट्ट्यात, वडप्यापासून तासा-दीड तासावर सापडतात.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, ठाण्यात 'अरुणोदय' हे साप्ताहिक निघालं. जिल्ह्याच्या गावी छापखाना आला की पत्रं, तक्रारी, कविता आपोआप येऊ लागतात, तसं इथेही झालं. पण ठाण्याचं खरं भाग्य १८९३ मध्ये उघडलं. विनायक लक्ष्मण भावे नावाच्या, जेमतेम बाविशीला टेकलेल्या तरुणाने मित्रांना हाताशी धरून मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक एका छपराखाली आणायचं, असा विद्यार्थिदशेतल्या माणसालाच सुचावा असा हट्ट त्यामागे होता. घरचा धंदा मिठाचा, नाद जुन्या पोथ्यांचा. पुढे पाचेक वर्षांत याच भाव्यांनी प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहायला घेतला आणि तो कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकरांच्या 'ग्रंथमाला' मासिकातून पहिल्यांदा वाचकांपुढे आला. तोच 'महाराष्ट्र सारस्वत'. ठाण्याच्या अननुभवी लेखकाला कोल्हापूरच्या प्राध्यापकाने पानं दिली नसती, तर मराठी वाङ्मयेतिहासाचा पाया दुसऱ्याच कुणाला घालावा लागला असता.

भाव्यांच्या आधीची पिढी मुंबईची. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली आणि तिची मराठी शाखा म्हणून ज्ञानप्रसारक सभा उभी राहिली. अध्यक्ष दादोबा पांडुरंग. सभासदाने निबंध लिहायचा, सभेत उभं राहून वाचायचा, इतरांनी त्यावर बोलायचं आणि बरा ठरला तर १८५० पासून निघालेल्या 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकात तो छापायचा, अशी ती रीत. विषय असत भूगोल, रसायन, बालविवाह, व्यापार. कथा-कवितेला तिथे फारसा मान नव्हता. तरी ऐकणाऱ्यांसमोर वाचणं आणि मग छापणं हा क्रम मराठीत तिथे रुजला. आज महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांत जे चालतं, त्याचं मूळ तिथवर नेता येतं.

सरकारी बक्षिसाचा इतिहासही याच काळातला. पुण्यात पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, हे सर्वश्रुत आहे. इंग्रजांनी ती रक्कम हळूहळू आटवली, वळवली. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुखांसारख्या सुधारकांनी अर्ज केला, की यातला काही पैसा मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातन्यांनी गहजब केला, पण अर्ज मान्य झाला आणि दक्षिणा प्राइज कमिटी आली. या कमिटीच्या आशेने अनेकांनी लेखणी उचलली, भाषांतरं झाली, पाठ्यपुस्तकं झाली. अर्जाच्या वेळी देशमुखांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत तरुण जोतीराव फुले होते. १८५५ मध्ये त्यांनी स्वतःच एक नाटक लिहून कमिटीकडे दिलं, 'तृतीय रत्न'. कमिटीने ते नाकारलं. हा प्रसंग फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवला आहे. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडावं लागलं. सव्वाशे वर्षं.

त्याच १८५५ सालात नाकारणारं दार टाळून एक लेख थेट छापला गेला. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'ने तो फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन हप्त्यांत घेतला. शाळकरी मुलीची वही आणि छापील पान यांच्यात ना कमिटी होती ना बक्षीस. होते ते शिक्षक आणि संपादक. मराठीतल्या विद्यार्थी-लेखनाचा इतिहास कुठून सुरू करावा यावर वाद घालायचाच असेल, तर मुक्ताचं नाव पहिलं घ्यावं लागेल. तिने पुढे काही लिहिलेलं मिळत नाही, ही गोष्टही त्याच इतिहासाचा भाग आहे.

यानंतरचा मोठा टप्पा मुंबई-पुण्याबाहेरचा आहे. १८८७ मध्ये जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी 'काव्यरत्नावली' सुरू केलं. मासिकात फक्त कविता! व्यवहाराच्या दृष्टीने हा वेडेपणाच, कारण कवितेचे वर्गणीदार कवींपेक्षा कमी असतात हे तेव्हाही खरं होतं. केशवसुत, विनायक, रेव्हरंड टिळक अशांच्या कविता तिथे येत. केशवसुतांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. १९०५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची कविता 'काव्यरत्नावली', 'करमणूक', 'मासिक मनोरंजन' अशा अंकांमध्ये विखुरलेली होती. आधुनिक मराठी कवितेचा आरंभ म्हणून आपण जे शिकतो, ते पुस्तकात जाण्याआधी वर्षानुवर्षं मासिकांच्या पानांवर जगलं.

फडणीस तेवढ्यावर थांबले नाहीत. १९०७ मध्ये त्यांनी जळगावात महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरवलं. अध्यक्ष कर्नल कीर्तिकर, पेशाने डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. मोठमोठे कवी जमले होते. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे आला आणि त्याने कविता म्हटली. सभा चकित झाली. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि ते नाव त्याला आयुष्यभर चिकटलं. पोरसवदा मुलाला व्यासपीठावर बोलावण्याचा धोका जळगावच्या मंडळींनी पत्करला, हे त्या प्रसंगातलं जास्त महत्त्वाचं. अठ्ठाविशी गाठायच्या आत, मे १९१८ मध्ये, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. संमेलनात नाव मिळाल्यापासून त्यांना लिहायला जेमतेम अकरा वर्षं मिळाली.

मुंबईत काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मासिक मनोरंजन' काढलं आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक. दिवाळी अंकाने मराठी लेखकाला वर्षातून एकदा मोठा बाजार दिला. नवोदिताला काय मिळालं, हा प्रश्न वेगळा. दिवाळी अंकाचं गणित जाहिरातींवर चालतं, जाहिरातदार नावं विचारतो, म्हणून संपादक आधी नावाजलेल्यांकडून मजकूर मागवतो. लेखाखाली चार बोटं जागा उरली की तिथे नव्या कवीची वर्णी लागते. कित्येकांची पहिली छापील कविता अशी पानपूरक म्हणून आली. पण आली! घरी अंक आणून आईला ते पान दाखवण्याचा आनंद कमी प्रतीचा नसतो.

छापखाना न परवडणाऱ्यांनी हस्तलिखित काढलं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत. मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' चालवत. दैनिक! शिकवणं, मुलांचं दुखणंखुपणं, जेवणखाण सांभाळून रोज लिहायचं. पुढे 'विद्यार्थी' मासिकही त्यांनी काढलं. त्यांच्यामागे महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत हस्तलिखितांचं पीक आलं. एक अंक म्हणजे एकच प्रत. अक्षर चांगलं असलेल्या मुलाकडे लेखनिकाचं काम, चित्रकलेच्या सरांच्या लाडक्या विद्यार्थ्याकडे मुखपृष्ठ. ड्रॉइंगच्या कागदावर पेन्सिलीच्या पुसट रेघा मारायच्या, डाव्या हाताला समास सोडायचा, टाकाने मजकूर उतरवायचा आणि शाई वाळली की रेघा खोडरबराने पुसायच्या. शाई पुरती वाळली नसेल तर अख्खं पान फिस्कटे आणि लेखनिक पुन्हा पहिल्या ओळीपासून बसे. वार्षिक संमेलनात अंकाचं प्रकाशन व्हायचं, मग तो ग्रंथालयाच्या कपाटात जायचा. वाचक असत शंभर-दीडशे, पण लेखकाला त्यांतल्या निम्म्यांची तोंडं ओळखीची असत. हे भाग्य पुढे छापील लेखकाच्या वाट्याला येत नाही.

बडोद्यात १९४३ मध्ये पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी 'अभिरुची' मासिक सुरू केलं. महाराष्ट्राबाहेरच्या गावातून निघणाऱ्या या मासिकात पु. ल. देशपांड्यांचं सुरुवातीचं लेखन आलं. याच चित्र्यांच्या मुलाने, दिलीपने, १९५५ च्या आसपास अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्याबरोबर मुंबईत 'शब्द' काढलं. ते छापलेलं नव्हतं, सायक्लोस्टाइल केलेलं होतं. हे यंत्र आजच्या मुलांनी पाहिलेलं नसतं. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइपरायटरची फीत काढून अक्षरं ठोकायची किंवा लोखंडी टोकाच्या लेखणीने कोरायची. चूक झाली तर लालसर द्रवाचा ठिपका देऊन, तो वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचं. मग स्टेन्सिल रोलरवर चढवायची, शाई लावायची आणि हँडल फिरवायचं. पहिल्या पन्नास प्रती ठसठशीत, दोनशेच्या पुढे अक्षरं विरळ. मित्राच्या कचेरीतलं यंत्र संध्याकाळी साहेब गेल्यावर मिळालं, तर खर्च कागदाचा तेवढाच. साठच्या दशकात लघुनियतकालिकं एवढी कशी निघाली, याचं अर्धं उत्तर या यंत्रात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर 'सत्यकथा'त.

मौज प्रकाशन गृहाचं हे मासिक तेव्हा मराठी साहित्याचं सर्वोच्च न्यायालय मानलं जाई. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन. नवा लेखक गिरगावच्या खटाववाडीच्या पत्त्यावर कथा धाडी. फुलस्केपच्या एकाच बाजूला लिहिलेली, आणि सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. महिना-दोन महिन्यांनी पोस्टमनने तेच पाकीट आणून दिलं की वरचं आपलंच अक्षर पाहून निकाल कळे. आत 'साभार परत'ची चिठ्ठी. पण पुष्कळदा चिठ्ठीच्या जागी पत्र असे, कधी चार ओळींचं, कधी चार पानांचं. शेवट सैल पडला आहे, अमुक पात्र कशासाठी आलं, मधला भाग काढून पाहा. लेखक पुन्हा लिही, पुन्हा धाडी. कित्येक कथा तीन-चार फेऱ्यांनंतर छापून आल्या. व्यंकटेश माडगूळकर, जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या कथा ज्या अंकात येत, त्याच अंकात खेड्यातला अनोळखी शिक्षक शेजारी बसे. लेखनाची शाळा महाराष्ट्रात कुणी चालवली असेल तर ती या टपालाने.

ही शाळा सर्वांना मानवली नाही. तिथली अभिरुची कुणाची, 'चांगलं' म्हणजे काय हे कोण ठरवतं, झोपडपट्टीतली, महारवाड्यातली भाषा तिथे चालते का, असे प्रश्न विचारणारी पोरं आली. राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली. त्यांनी आणि मित्रांनी 'सत्यकथा'चा अंक जाळला. 'येरू', 'आत्ता', 'वाचा', 'फक्त' अशी अनियतकालिकं निघाली, चार-दोन अंकांत बंद पडली, पुन्हा दुसऱ्या नावाने निघाली. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणात गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' उभं केलं आणि ते दीर्घकाळ टिकलं. पानतावणेही पत्रं लिहीत. पहिल्या पिढीत शिकलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचं कार्ड येई आणि तो लिहीत राही. 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे गावोगाव भरत. तिथे जेवायच्या पंगतीत नवकवीच्या शेजारी त्याचा समीक्षक बसलेला असे.

जाळणारे आणि ज्यांचं जाळलं ते, दोघेही एकाच गोष्टीवर विसंबून होते: समोरचा आपला मजकूर मन लावून वाचतो. 'सत्यकथा' वाचल्याशिवाय ती जाळण्याइतका राग कुणाला आला नसता. मराठी नवोदिताला मिळालेल्या संधींचा इतिहास चाळताना, बक्षिसांपेक्षा अशा वाचणाऱ्या माणसांची नावं जास्त भेटतात. १९४२ मध्ये कुसुमाग्रजांची 'विशाखा' प्रसिद्ध करायला पुढे झाले ते वि. स. खांडेकर. बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी आईच्या कवितांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि हे छापलंच पाहिजे म्हणून अत्रे हटून बसले. संग्रह १९५२ मध्ये आला. १९६३ मध्ये पंचविशीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी काढली. वाचक चळवळ म्हणून सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं 'उपरा' छापलं. कैकाडी समाजातल्या, तिशीतल्या लेखकाचं हे पहिलंच पुस्तक, आणि लगेच १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. तिची जागा अनेकांनी वाटून घेतली. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेलं 'कवितारती' त्यांपैकी एक.

नाटक लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचं बरं आहे, त्यांना टपालाची वाट पाहावी लागत नाही. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक सुरू केला. एकांकिका संपते न संपते तोच भरत नाट्य मंदिरातल्या आरोळ्यांवरून लेखकाला निकाल कळतो. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही मंडळी विद्यार्थी असताना या स्पर्धांत होती. २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी अपेक्षित दर्जा दिसला नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा समाजमाध्यमांवर आठवडाभर धुरळा उडाला. मुलांचा हिरमोड झाला हे खरंच. पण साठ वर्षांच्या परंपरेत नकाराचीही जागा असते, आणि नकारावर एवढी चर्चा होणं हे ती स्पर्धा जिवंत असल्याचं लक्षण मानायला हरकत नाही.

सरकार दक्षिणा कमिटीनंतर थेट महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर ठळकपणे परतलं. १९६० च्या नोव्हेंबरात स्थापन झालेल्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. या मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचं एकही पुस्तक नाही अशांच्या पहिल्या पुस्तकासाठी आहे. मुंबईत प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीतल्या कचेरीत ही हस्तलिखितं येतात. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे वेगळे गट आहेत. त्यातला कवितेचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाचा आहे. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिच्या नावाचं पारितोषिक पहिला संग्रह छापणाऱ्याला मिळतं!

दिल्लीच्या साहित्य अकादमीने २०११ पासून पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार ठेवला, रक्कम पन्नास हजार. मराठीतला पहिला मानकरी नाशिक जिल्ह्यातला ऐश्वर्य पाटेकर, संग्रह 'भुईशास्त्र'. २०१८ मध्ये जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांना 'फेसाटी'साठी तो मिळाला आणि २०२० च्या टाळेबंदीत हाच लेखक शेतमजुरी करत असल्याच्या बातम्या आल्या. पुरस्काराची रक्कम एकदाच येते, भाकरी रोज लागते. २०२१ मध्ये केंद्राने तिशीच्या आतल्या ७५ लेखकांसाठी सहा महिने दरमहा पन्नास हजारांची योजना काढली, पण तिथे विषय ठरवून दिलेला होता, राष्ट्रीय चळवळीचा. उपयुक्त पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या जुन्या कमिटीची आठवण व्हावी अशी ही अट होती. पैसे देणाऱ्याने विषय सांगितला की बहुतेकदा पुस्तकं नीटनेटकी होतात आणि लवकर विसरली जातात.

भिवंडीकडे वळलं, की चित्र मराठीपुरतं राहत नाही. यंत्रमागांच्या या गावात उत्तरेतून आलेल्या विणकरांची उर्दू आहे, तेलंगणातून आलेल्या पद्मशालींची तेलुगू आहे, आणि भोवतालच्या खेड्यांत आगरी, कुणबी, वारली, कातकरी बोली आहेत. उर्दूत नवोदितासाठी एक जुनी व्यवस्था आहे. मुशायऱ्यात आधी नवखे वाचतात, उस्ताद शेवटी. पण त्याही आधी शागिर्दाने आपली गझल उस्तादापुढे ठेवायची आणि त्याने तिच्यावर इस्लाह करायची, म्हणजे वजन तपासायचं, शब्द बदलायचे, गरज पडली तर शेरच काढून टाकायचा. खटाववाडीतून पाकिटात घालून जे धाडलं जाई, ते इथे चटईवर समोरासमोर बसून चाले.

मराठी मुलांसाठी या पट्ट्यात कोकण मराठी साहित्य परिषद आहे. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या कार्यक्षेत्रात ठाणे जिल्हा येतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० मध्ये भरलं, २०१७ मध्ये शेजारच्या डोंबिवलीत. अलीकडच्या संमेलनांतल्या कविकट्ट्यावर दिवसभर कवितांची रीघ लागते. प्रत्येकाला मिनिटं मोजून मिळतात, प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. ऐकणारे बहुतेक पुढच्या क्रमांकाचे कवीच. कट्ट्यावर हसणं सोपं आहे, पण कित्येकांना आयुष्यात माईक हाती येतो तो तिथेच. त्याहून लहान वयाच्या मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि त्यात मुलांचं लेखनही छापलं जातं. 'साधना'चे बालकुमार आणि युवा दिवाळी अंक आहेत. महाविद्यालयांचे वार्षिकांक आहेत, जरी त्यांतल्या पुष्कळांत आता प्राचार्यांचे फोटो जास्त आणि विद्यार्थ्यांच्या कथा कमी, अशी अवस्था आहे.

थोडक्यात, वडप्याच्या मुलीला कथा पाठवायला पत्ते कमी नाहीत. मेल एका क्षणात जातो, तिकीट लागत नाही. स्वतःचं पुस्तक पैसे भरून छापून देणारेही गल्लोगल्ली आहेत. हस्तलिखित आलं की ते वाचण्याआधी दरपत्रक धाडतात. उणीव भासते ती उत्तराची. स्वतःच्या खिशातून अंक चालवणाऱ्या संपादकाला मदतनीस नसतो, महिन्याला शेकडो मेल येतात, त्यांतले बरेच एकाच वेळी वीस ठिकाणी पाठवलेले असतात. तो तरी कुणाकुणाला लिहिणार? जुन्या काळी परतीचं तिकीट लावणारा लेखक आणि ते पाकीट भरून धाडणारा संपादक, दोघांनाही थोडी किंमत मोजावी लागे, म्हणून दोघेही विचार करूनच टपालपेटीकडे जात.

२०२४ चा मराठी युवा पुरस्कार देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला मिळाला. लेखक तुळजापूरचा, शिवणकाम करणारा. कादंबरीचा नायकही शिंपी, आणि तयार कपड्यांनी त्याच्या हातचं काम कसं हिरावलं, याची ती गोष्ट आहे. ते तयार कपडे ज्या रस्त्याने तुळजापुरापर्यंत पोचतात, त्या रस्त्यावरचा एक मोठा थांबा भिवंडीची गोदामं आहेत. एका टोकाची गोष्ट लिहून झाली. दुसऱ्या टोकाला रात्रपाळीत हातात स्कॅनर धरून खोकी मोजणारी, सकाळी कॉलेजला जाणारी, बंद पडलेल्या मागांच्या घरांतून आलेली मुलंमुली आहेत, भातशेती विकून आलेल्या पैशात गाडी घेतलेले आणि ती गोदामालाच भाड्याने लावलेले तरुण आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये लिहिलेलं काहीबाही असणारच. त्यांच्या महाविद्यालयातल्या मराठीच्या किंवा उर्दूच्या एखाद्या शिक्षकाने दर शनिवारी तास संपल्यावर अर्धा तास बसून ते वाचायला घेतलं, तर त्याला अनुदानाच्या अर्जाची गरज नाही आणि आठ पदरी रस्त्याचीही.